कॅमेरे किती ते विचारता, बघायचंय काय ते कधी विचारणार?

सीसीटीव्ही विकणाऱ्यांचं नाव काढलं तरी हल्ली डोकं फिरतं माझं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एका शेजाऱ्याची बाईक गेली. गणपतीला घरचे सगळे कोकणात, दहा दिवसांनी येऊन बघतात तर गाडी गायब. लगेच डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, उघडला. शेवटच्या पाच-सहा दिवसांच्या मागचं सगळं पुसलेलं! आणि बसवताना कॅमेरेवाला छातीठोकपणे सांगत होता, "साहेब, महिनाभराचं रेकॉर्डिंग आरामात मिळेल."

कुठून मिळेल? हिशोब शाळेतल्या पोरालाही जमेल. 2 मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिटने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला 21-22 जीबी खातो. असे आठ कॅमेरे म्हणजे दिवसाला जवळपास पावणेदोनशे जीबी. त्यात 1 टीबीची, म्हणजे हजार जीबीची, डिस्क टाकली तर सहाव्या दिवशी जुन्यावर नवं चढणारच. महिना हवा असेल तर 6 टीबी लागते. सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ कमी जागेत बसवणारी एच.265 पद्धत चालू केली असती तरी बरीच जागा वाचली असती, तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आणि डिस्क तरी कसली, साध्या कॉम्प्युटरची! चोवीस तास लिहीत राहण्यासाठी वेगळ्या सर्व्हेलन्स डिस्क मिळतात, त्याचा कोटेशनमध्ये उल्लेखही नाही.

त्याआधी एक सायकल गेली होती, तेव्हा फुटेज होतं. चौकीत हवालदारांनी मोबाइलवर ते दोनदा मागेपुढे करून पाहिलं आणि विचारलं, "यात चेहरा कुठंय?" चेहऱ्याच्या जागी एक करडा ठिपका होता. कॅमेरा गेटपासून दहा मीटरवर, तोही छताला चिकटवलेला, आणि लेन्स 2.8 एमएमची. ही लेन्स साधारण शंभर अंशांचा परिसर दाखवते, म्हणून स्क्रीनवर अख्खं पार्किंग दिसतं आणि कमिटी खूश होते. पण दहा मीटरवर तेच चित्र जवळपास 24 मीटर रुंदीवर पसरतं. 2 मेगापिक्सेलच्या चित्राच्या रुंदीत असतात ते 1920 पिक्सेल 24 मीटरला वाटले की मीटरला 80 उरतात. अनोळखी माणसाची ओळख पटायला मीटरला 250 पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायलाही 125. हे मी मनाचं सांगत नाही, आयईसी 62676-4 या सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2014 च्या आवृत्तीतले आकडे आहेत. म्हणजे या कॅमेऱ्याने चेहरा टिपायला चोराने तीन मीटरवर येऊन वर बघायला हवं! गेटवर 6 एमएमची, म्हणजे कमी रुंदीचा भाग मोठा करून दाखवणारी, लेन्स डोक्यापेक्षा थोड्याच उंचीवर लावली असती तर सात मीटरपर्यंत काम झालं असतं. एक कॅमेरा फक्त गेटसाठी, बस. पण ते सुचवायला आधी जागेवर येऊन उभं राहावं लागतं. हे लोक फोनवरच विचारतात, "किती कॅमेरे टाकायचे?"

तक्रार केली तर म्हणे पाच मेगापिक्सेलचे टाका, एकदम क्लिअर दिसेल. खोटं आहे हे. दोनाचे पाच झाले म्हणून चित्राच्या रुंदीतले पिक्सेल अडीचपट होत नाहीत. 1920 चे 2592 होतात, इतकंच. त्याच जागेवर तीच लेन्स ठेवली तर मीटरला शंभरच्या थोडंसं वर. चेहरा तरीही नाहीच.

रात्रीचं तर विचारूच नका. कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि अंधारात दिसावं म्हणून कॅमेरा जो इन्फ्रारेड उजेड सोडतो त्यात जाळं लेन्ससमोर झळकून पडदा पांढरा. नंबरप्लेटवर तोच उजेड आपटून आकडे उडतात. एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे, पैसे घेणारा माणूस फडकं घेऊन आलेला मी एकदाही पाहिला नाही.

वायरमध्येसुद्धा फसवणूक! एका कॅमेऱ्याचं चित्र सारखं जायचं, म्हणून वायर ब्लेडने खरवडून पाहिली. वर तांबं, आत पांढरं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, आणि बिलात लावलंय तांबं.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे पासवर्ड. आमच्या डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड आमच्याकडे नाही, बसवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे. आमच्या बायका-मुली कधी जातात, कधी येतात हे तो घरबसल्या पाहू शकतो, आणि साधी तारीख दुरुस्त करायला आम्ही त्याला फोन लावायचा! कंपनीचे आयते पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर हाताशी धरून 2016 साली मिराय नावाच्या व्हायरसने अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या होत्या. आपल्याकडेही एप्रिल 2025 पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या सरकारी चाचण्या सक्तीच्या झाल्या. पण पासवर्ड तिसऱ्याच्याच खिशात असेल तर त्या चाचणीचा आम्हाला काय उपयोग?

कमिटीवरही राग आहे माझा. तीन कोटेशन मागवायची, खालचा आकडा बघायचा आणि सही ठोकायची. आता पुन्हा तेच चाललंय, नवीन कोटेशनवर एकच ओळ: "16 कॅमेरे, डीव्हीआरसह". जनरल बॉडीत मी उभा राहणार आहे. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे लिहून द्या: कुठे लागणार, किती उंचीवर, लेन्स किती एमएमची, किती मीटरपर्यंतचा चेहरा ओळखू येईल. खाली डिस्क किती दिवसांची, वायर कसली, आणि पासवर्ड सेक्रेटरींच्या हातात कधी. रात्री गेटवर माणूस उभा करून फुटेज दाखवा. तोवर चेकवर एकाही पदाधिकाऱ्याची सही होऊ देणार नाही.