व्हीएआर असता तर म्हणे!

सकाळी घरच्या ग्रुपवर कुणीतरी अर्जेंटिनाच्या मॅराडोनाच्या त्या हाताच्या गोलची रील टाकली. दहा-पंधरा सेकंदांची, मागं कसलं तरी ढॅणढॅण संगीत. खाली आमच्या पुतण्याची कमेंट : "व्हीएआर असता तर तुमचा मॅराडोना झिरो!" त्यावर हसऱ्या तोंडांची रांग. (व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासायची हल्लीची सोय.) तेव्हापासून डोकं फिरलंय.

हो, हात लागला होता. सरळसरळ फसवणूक होती. मान्य. पुढं?

22 जून 1986. मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. आपल्याकडं रविवारची रात्र, साडेअकराला सामना सुरू. कोल्हापुरात पाऊस, सकाळी शाळा, आणि काकांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढं अख्खी गल्ली. त्यातली निम्मी सुतकात, कारण आदल्याच रात्री ब्राझील फ्रान्सकडून पेनल्टीवर हरलेला. झिकोनं तर चालू सामन्यातच पेनल्टी घालवली होती. काका कट्टर ब्राझीलवाले. अर्जेंटिना हरावी एवढ्यासाठीच ते जागे होते.

काका एकेकाळी पेठेच्या टीमचे गोलकीपर. त्यामुळं त्यांची नजर मॅराडोनावर नव्हतीच, इंग्लंडच्या गोलकीपरवर, शिल्टनवर होती. चेंडू जाळ्यात गेला आणि काका ओरडले, "हात! हात लावला रं त्यानं!" कुणाला पटेना. इंग्लंडचे खेळाडू हात दाखवत रेफरीमागं धावले, तेव्हा कुठं खोलीत कुजबुज सुरू झाली. ट्युनिशियाच्या अली बिन नासेरनं गोल दिला तो दिलाच.

हा गोल 51 व्या मिनिटाचा. दुसरा 55 व्या. मधली चार मिनिटं कुठल्या रीलमध्ये आहेत, दाखवा मला! एका रीलमध्ये चोर, दुसऱ्या रीलमध्ये देव. एकीवर हसायचं, दुसरीवर बदाम टाकायचा, की झालं तुमचं फुटबॉल. आम्हाला तशी सोय नव्हती. काकांच्या शिव्या अजून थांबल्या नव्हत्या आणि त्याच माणसाला त्याच्या टीममधल्या एन्रिकेनं आपल्याच अर्ध्यात चेंडू दिला. इंग्लंडचे बियर्डस्ली, रीड, बुचर, फेनविक, शेवटी शिल्टनही मागं पडला. काका उठून उभे राहिले. ज्याला आत्ता चोर म्हणत होते, त्याच्यासाठी. ब्राझीलवाला माणूस, डोळ्यांत पाणी. मी त्यांच्याकडं बघतच राहिलो.

राग आणि कौतुक एकाच छातीत मावतं, हे मला त्या रात्री काकांनी दाखवलं. कापून कापून बघणाऱ्यांना ते कसं कळणार?

बरं, या क्लिपांमुळंच आजच्या पोरांना मॅराडोना माहीत आहे, हेही खरं. असू दे.

आणि पोरगा वाईट नाही, हेही लिहितो. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की ऊन-पाऊस बघत नाही, पहिल्या शिट्टीपासून गॅलरीत असतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. हायलाइट बघू म्हणून घरी बसल्याचं मला तरी आठवत नाही. मग बाळा, आपल्या टीमला जो मान देतोस तो त्या सामन्याला का नाही?

तो सामना 2-0 नं संपला नाही, हे तरी ठाऊक आहे का तुला? इंग्लंडचा जॉन बार्न्स उशिरा मैदानात आला आणि त्यानं डावीकडून अर्जेंटिनाला फाडलं. 81 व्या मिनिटाला त्याच्या क्रॉसवर लिनेकरचं हेडर, 2-1. थोड्या वेळानं पुन्हा तोच क्रॉस, पुन्हा लिनेकर, आणि गोललाइनजवळ अर्जेंटिनाच्या ओलार्टिकोएचियानं डोकं मध्ये घातलं म्हणून वाचले. काकांनी खुर्चीचा हात असा धरला होता की जणू तेच गोलमध्ये उभे आहेत. त्या वेळी ते कुणाच्या बाजूनं होते, त्यांनाही सांगता आलं नसतं.

पूर्ण सामना शोधलास तर सापडतो. बाकी काही नाही बघितलंस तरी 74 व्या मिनिटाला बार्न्स आत येतो, तिथून शेवटच्या शिट्टीपर्यंत जागेवरून उठू नकोस.