‘कैद्यांचे लाड’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुरुंगातल्या बायकांच्या उपचारांच्या हक्कावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमच्या सासूबाईंना सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीसाठी सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली आणि मी मात्र गुन्हेगार बायकांच्या औषधपाण्याची काळजी वाहते आहे, हे कैद्यांचे लाड आहेत, असं तुम्ही म्हणता. बँकॉक नियम, म्हणजे स्त्री कैद्यांना कसं वागवावं याबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे नियम, हा भारताचा कायदा नव्हे आणि आजाराचं सोंग करून आरोपी हॉस्पिटलात मुक्काम ठोकतात, हेही तुम्ही लिहिलंत.

बँकॉक नियमांबद्दल तुमचं बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांनी ते २०१० साली संमत केले, पण आपल्याकडे ते कायदा म्हणून बजावता येत नाहीत. मी ते कायद्यासारखे मांडले, ती चूक होती. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण हा हक्क बँकॉकहून आलेलाच नाही. इंग्रजांच्या १८९४ च्या कारागृह कायद्यातही प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी आणि डॉक्टरला भेटू इच्छिणाऱ्या कैद्याचं नाव विनाविलंब जेलरला कळवावं, असं लिहिलं होतं. अर्थात त्याच कायद्यात नव्या आलेल्या बाईला डॉक्टरने नव्हे, मेट्रनने, म्हणजे बायकांच्या बराकीवरच्या स्त्री कर्मचाऱ्याने, तपासायचं होतं! बाईचं दुखणं आपल्या कायद्याने किती उशिरा पाहिलं, हे त्यावरून कळतं.

आता तुमच्या सासूबाईंबद्दल. १९९२ साली पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार. त्याला एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरवलं. कुठे सोय नाही, कुठे खाट रिकामी नाही. शेवटी खासगी रुग्णालयात पदरचे पैसे मोडून उपचार झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी रुग्णालयाने गरजू रुग्णाला वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. तो कैदी नव्हता, ताई. तुमच्या सासूबाईंसारखाच रांगेतला माणूस होता. तुरुंगातली बाई त्याच अनुच्छेदाकडे बोट दाखवते, कारण कैद झाली म्हणून मूलभूत हक्क संपत नाहीत, हे न्यायालयाने सुनील बत्रा प्रकरणात १९७८ मध्येच सांगितलं आहे. सासूबाईंच्या ताटातलं काढून तिला वाढा, असं मी म्हणत नाही.

दोघींत एक फरक मात्र आहे. सहा आठवडे थांबणं शक्य नसेल, तर तुम्ही उसनेपासने करून त्यांना खासगीत नेऊ शकता, रात्री रिक्षा बोलावू शकता. आतली बाई क्रोसिनची गोळीसुद्धा स्वतः आणू शकत नाही. ज्याने कुलूप घातलं, त्याच्याकडेच तिने औषध मागायचं.

विधी सेवेच्या कामासाठी मी एका जिल्हा कारागृहात जात असे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथे चोरीच्या आरोपातली एक कच्ची कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेली, होती. महिनोन्‌महिने अंगावरून जात होतं. तुरुंगातल्या डॉक्टरांनी जिल्हा रुग्णालयात न्या, अशी चिठ्ठी दिली होती; त्यांचा दोष नव्हता. पण बाहेर न्यायचं तर पोलिस गार्द लागते, बाई असेल तर महिला पोलिसही हव्यात. एकदा गणपतीचा बंदोबस्त, एकदा मंत्र्यांचा दौरा, एकदा गार्द आली ती पुरुष कैद्यांना घेऊन गेली. चौथ्या चिठ्ठीला ती रुग्णालयात पोचली, तेव्हा आधी रक्त चढवावं लागलं. बराकीतल्या बायका आपापल्या वाटणीतले पॅड तिला देत होत्या. लाड म्हणावं असं मी तिथे काही पाहिलं नाही.

सोंगाचं म्हणाल, तर वजनदार आरोपी रुग्णालयात पाय पसरतात, याची चीड मलाही आहे. पण अशा लोकांसाठी गार्द मिळते, या बाईसाठी मिळाली नाही.

आणि ‘गुन्हेगार बायका’ हा शब्द जरा जपून वापरू या. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत २३,७७२ स्त्रिया होत्या, एकूण कैद्यांच्या जेमतेम चार टक्के. स्त्री-पुरुष मिळून पाहिलं तर दर चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. आणि गुन्हा सिद्ध झाला तरी न्यायाधीश शिक्षा देतात ती कैदेची. गर्भाशयाचं दुखणं अंगावर काढण्याची शिक्षा कुठल्याच निकालात नसते.

गरोदर बाईचं तर विचारूच नका. गरोदर स्त्रीला ज्या तुरुंगात पाठवायचं, तिथे बाळंतपणाची किमान सोय आहे का हे आधी पाहा, आणि बाळाच्या जन्माच्या नोंदीत तुरुंगाचं नाव लिहू नका, फक्त त्या भागाचा पत्ता लिहा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं. त्या बाळावर जन्मभराचा शिक्का बसू नये, एवढा विचार न्यायालयाने केला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भायखळा तुरुंगातल्या एका गरोदर स्त्रीच्या निमित्ताने स्वतःहून दखल घेतली आणि गर्भ ठेवायचा की नाही हे तिचं तिनेच ठरवायचं, कैदेत असली तरी, असा निर्वाळा दिला. २०२४ च्या नोव्हेंबरात नागपूर खंडपीठाने अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या एका गरोदर आरोपीला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. खटला तिच्यावर चालणारच आहे. बाळावर कुठलाही आरोप नाही.

तुमच्या सासूबाईंचा केस पेपर आणि तारीख दिलेली चिठ्ठी जपून ठेवा, तिचा फोटो काढून मला पाठवा. डॉक्टरांनी तपासणी तातडीची असं लिहिलं असेल, तर सहा आठवडे का, असा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे लेखी अर्ज करता येतो. मी लिहून देते, तुम्ही पोच घेऊन या.