रोपनीला हसण्याआधी आपला गुंठा बघा

नेपाळवरचा तो मेसेज परवापासून सगळीकडे फिरतोय, आमच्या काकांनीपण हसून हसून पाठवला. म्हणे नेपाळ मागासच, अजून जमीन रोपनी-आण्यात मोजतात, घड्याळ धड लावता येत नाही म्हणून आपल्यापुढे १५ मिनिटं, कॅलेंडर तर ५७ वर्षं पुढं, आणि शेवटी ते नेहमीचं, "बहादूरला हिशोब कशाला हवा".

आता जमिनीचंच घ्या. काठमांडू न् डोंगराकडे रोपनी चालते, ७४ बाय ७४ फूट म्हणजे ५४७६ चौरस फूट, तिचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाचे ४ दाम. खाली तराईत बिघा-कठ्ठा. गोंधळ वाटतो ना? मग आपलं बघा, मुळशीत प्लॉट घ्यायला गेलं की एजंट गुंठ्यात बोलतो, सातबारावर हेक्टर-आर, फ्लॅट स्क्वेअर फुटात, खडी ब्रासमध्ये, सोनं तोळ्यात, त्यातपण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा न् सराफाकडचा १० चा! मेट्रिकचा कायदा आपल्याकडे १९५६ चा, तरी २००१ ला आपल्या राज्यानं जो कायदा केला त्याच्या नावातच गुंठेवारी आहे.

घड्याळाचं तर उलटंच आहे. ग्रीनिचपासून दर १५ अंश रेखांशाला एक तास, नेपाळनं रेखांश धरला ८६ अंश १५ मिनिटं म्हणजे सव्वाशहाऐंशी अंश, गौरीशंकर शिखराजवळचा, भागून बघा, बरोब्बर पावणेसहा तास येतात. १९८६ पासून तेच चालू आहे. आपण मिर्झापूरजवळचा साडेब्याऐंशी धरला म्हणून साडेपाच. यात चुकलं कोणाचं?

कॅलेंडर विक्रम संवताचं आहे, पुण्यातले गुजराती व्यापारी दिवाळीत त्याच संवताच्या वह्या पूजतात, त्यांना कोणी हसत नाही. आणि आपलं शक ७८ नी मागं, मग मागास कोण म्हणायचं?

राहिला "बहादूर". आमच्या सोसायटीचे वॉचमन दादा नेपाळचे, गावी दोन रोपनी जमीन आहे म्हणाले, मी विचारलं म्हणजे किती हो, तर पटकन म्हणाले, "दहा गुंठे पकडा." (गुंठा १०८९ चौरस फुटांचा, मी नंतर मोबाईलवर करून बघितलं, जुळलं.) मग काकांना फोन लावला, मुळशीत त्यांचे स्वतःचे तीन गुंठे आहेत, एका गुंठ्यात स्क्वेअर फूट किती म्हटलं तर म्हणाले, थांब, एजंटला विचारून सांगतो.