पॉइंट टू-टू आणि माझे सल्लागार

नाशिकला राहून लहान बंदुकीची हौस धरणं तसं धाडसाचंच. शेजारी देवळालीला तोफखान्याची शाळा. बोफोर्सच्या नळीचा व्यास १५५ मिलिमीटर. मला हवी होती पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची रायफल. तिची गोळी ५.६ मिलिमीटरची, वजन जेमतेम अडीच ग्रॅम. आमच्या खालच्या मजल्यावरचे सुभेदारकाका तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी हे आकडे सांगितले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "ताई, बाकीची बंदूक कुठंय?"

हा नाद मला पंचेचाळिशीत लागला. लेक एअर रायफल शिकायला जायची, मी तिला सोडायला. दहावीचं निमित्त करून ती थांबली, मी नाही थांबले. त्यातच १ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे पॉइंट टू-टूच्याच स्पर्धेत, ब्राँझ मिळवलं आणि मला एअर रायफल पुरेनाशी झाली. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं अशा या तीन पोझिशन. पैकी झोपून मला आधीपासूनच उत्तम जमतं, असं सासूबाईंचं मत पडलं.

बंदूक घ्यायची म्हटल्यावर गावात किती तज्ज्ञ दडलेले असतात ते कळतं. पिंपळगावच्या मामांचा लगेच फोन. "घेतेसच तर मोठी घे. द्राक्षं भरली की पाखरं येतात, अन् इकडं उसात बिबट्या बसलाय." मी म्हटलं, मामा, बिबट्याला गोळी घातली तर पिंजऱ्यात बिबट्या नाही, मी जाईन. भाच्यानं काळ्याकुट्ट रायफलींचे व्हिडिओ पाठवले. एका दमात दहा गोळ्या, वर हातभर दुर्बीण. त्याला सांगितलं, या स्पर्धेत एका वेळी एकच काडतूस भरायचं असतं आणि दुर्बीण चालत नाही. पुढे एक कडं, मागे बारीकसं भोक, त्यातून बघायचं. "मावशी, मग यात मजा काय?" म्हणाला. मजा ही, की ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मं. मी एवढ्या लांबून आख्खं नाणंही ओळखू शकत नाही.

रेंजवरच्या सरांनी मात्र कुठल्या कंपनीचं नावच काढलं नाही. म्हणाले, आधी डोळा बघू. दोन्ही हात लांब करायचे, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटी फट ठेवायची आणि त्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघायचं. मग एकेक डोळा मिटायचा. मी डावा मिटला आणि घड्याळ गायब! म्हणजे मी जेवते, लिहिते, लाटते उजव्या हातानं, पण नेम धरणारा डोळा डावा. इतकी वर्षं हा माणूस माझ्या चेहऱ्यावर बसून मालकी गाजवत होता आणि मला पत्ता नाही. डावखुरी रायफल शोधायची तर आणखी शोधाशोध. शेवटी सरांनी डाव्या डोळ्यासमोर पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा लावून त्याला गप्प केलं.

मग उंची. या रायफली बहुतेक जर्मनीत जन्मलेल्या. मी पाच फूट एक इंच. दस्ता खांद्यात बसवला की ट्रिगर हाताला लागेना, आणि ट्रिगर हाताला आला की दस्ता काखेत. सरांनी पाना घेतला, मागची प्लेट आत सरकवली, गालाखालची पट्टी एक सूत वर, पुन्हा अर्धं सूत खाली. मान न ताणता, गाल टेकवल्यावर डोळा आपोआप भोकासमोर आला पाहिजे, हीच त्यांची कसोटी. पहिली रायफल घेणाऱ्यानं माझ्या मते नावाआधी हे पान्यानं हलणारे भाग बघावेत. हलकी रायफल मागण्याचा आग्रहही सोडावा. स्पर्धेच्या रायफली पाच-सहा किलोंच्या असतात, आणि ते ओझंच त्यांना स्थिर ठेवतं. माझ्या घरात सिलिंडर नवरा उचलतो, हे सरांना सांगून उपयोग झाला नाही.

एवढं जमलं की काडतुसं. या काडतुसाच्या बुडाच्या कडेतच पेट घेणारा मसाला भरलेला असतो, पिन त्या कडेवर आपटते, म्हणून रिमफायर. रिकामं झालं की घरी पुन्हा भरता येत नाही, कारखाना देईल तेच घ्यायचं. आणि इथं रायफल अधिक महिन्यात आलेल्या जावयासारखी वागते. डबी तीच, कंपनी तीच, नुसता लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातली खेप, बदलला की तिला चालत नाही. एका लॉटच्या पाच गोळ्या एकाच भोकात, दुसऱ्याच्या पाच पाच दिशांना. म्हणून आवडीचा लॉट सापडला की साठा करावासा वाटतो, पण किती काडतुसं ठेवायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं.

परदेशी रायफल थेट मागवण्याची मुभा नामांकित नेमबाजांना. नामांकित व्हायला रायफल लागते. या चक्रातून वाट काढायची तर ऑर्डनन्स फॅक्टरीची तरी घ्यायची, नाहीतर कुणा जुन्या नेमबाजानं विकायला काढलेली. मी जुनीच्या बाजूची. गोळी मऊ शिशाची आणि वेगानं संथ, त्यामुळे नळी लवकर झिजत नाही. बॅटरी घेऊन नळीच्या तोंडाची कड नीट बघायची. तिथं चरा असेल तर वरची पॉलिश कितीही चमको, नमस्कार करून निघायचं. सरांच्या ओळखीत एक जुनी जर्मन अँशुट्झ रायफल निघाली. कड स्वच्छ, प्लेट माझ्या मापापर्यंत आत येणारी.

आता सगळं अडलंय परवान्यावर. चौकशीला हवालदारसाहेब घरी आले तेव्हा समोरच्या तिन्ही दारांच्या साखळ्या एकदम वाजल्या.

"शस्त्र कशासाठी हवं?"

"कागदाला भोक पाडायला."

त्यांनी पेन थांबवलं, मग शांतपणे 'क्रीडा प्रयोजन' असं लिहिलं. कुणाशी वाद? जमिनीचा काही? नाही, नाही. आतून सासूबाईंचं "माझ्याशी आहे" ऐकू आलं, ते त्यांनी नोंदवलं नाही, हे त्यांचे उपकार. निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाले, "मॅडम, माझी पोरगी सातवीत आहे. तिला शिकवायचं तर हे सगळं करावं लागतं का?"

म्हटलं, नाही हो, ४.५ मिलिमीटरची, २० जूलच्या आतल्या जोराची एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. आणि कंपनी कुठली ते आत्ता नका बघू, आधी तिचा डोळा... ते पुन्हा खुर्चीवर बसले. नवऱ्यानं आतून विचारलं, "चहा अजून ठेवू का?"