४च्या आधी एक १

पेढा हातात घेतला आणि तो तोंडात घालवेना. निकालाचा दिवस, शाळेचा व्हरांडा, मुलगा समोर. पाया पडून उभा राहिलेला. "मॅडम, पास झालो!" चेहऱ्यावर अगदी खरं हसू. त्या पोराचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकते. त्याच्या गुणपत्रकात बीजगणितापुढे १४ छापलंय. मी त्याला ४ दिले होते.

चाळीसपैकी चार. तेही कसे दिले ते माझं मला माहीत. दोन बहुपर्यायी बरोबर आले, त्याचे दोन. एका उदाहरणात सूत्र नीट उतरवलं होतं, त्याचा एक. आलेखाचे अक्ष पट्टीने काढून त्यांना नावं दिली होती, त्याचा एक. बाकीच्या पानांवर प्रश्नपत्रिकेतले प्रश्नच वळणदार अक्षरात पुन्हा लिहून काढलेले. एका ठिकाणी तेवढा उत्तराचा प्रयत्न होता: एक छेद दोन अधिक एक छेद तीन, बरोबर दोन छेद पाच. वरचे वर मिळवले, खालचे खाली. नववीतला मुलगा आहे हा. या चुकीवर पाचवी-सहावीतच कुणीतरी त्याला थांबवून, हाताला धरून छेद सारखे करायला शिकवायला हवं होतं. पाचवीतल्यांनी सहावीकडे ढकललं, सहावीतल्यांनी सातवीकडे, आणि आता तो माझ्यापर्यंत येऊन पोहोचलाय.

भूमितीत ३. पहिल्या सत्रातही यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

मग मुख्याध्यापकांनी बोलावलं. टेबलावर माझाच गुणतक्ता उघडा, शेजारी व्हाइटनरची बाटली. ती बाटली बघूनच माझं डोकं सणकलं. बावीस वर्षं शिकवतेय, गुणतक्त्यावर व्हाइटनर लावलेला मला कधी सहन झालेला नाही.

"मॅडम, अख्ख्या तुकडीत तुमच्या विषयात एकच राहिलाय."

"हो सर. त्याला येत नाही."

"अहो, एकासाठी कशाला? अंतर्गतचे १८ धरलेत ना?"

धरले होते. सगळ्यांनाच धरतात. गृहपाठाचे १०, बहुपर्यायी चाचणीचे १०, आणि त्या वीसपैकी अठराच्या खाली कुणी यायचंच नाही, हा शाळेचा अलिखित नियम. म्हणजे लेखीच्या ऐंशीपैकी सतरा मिळाले की गणित सुटलं. ऐंशीपैकी सतरा!

सरांनी पेन उचललं. "१८ आणि ७, पंचवीस. दहा कमी पडतात. हे बघा, बीजगणिताचे ४ आहेत ना, त्याच्या आधी एक १ लावा. झाले पस्तीस. व्हाइटनरसुद्धा लागत नाही, खाडाखोड नाही."

खाडाखोड नाही. हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात घण घालतंय. त्या मुलाला काय येतं, काय येत नाही, पुढच्या वर्षी त्याचं काय होणार, यातलं काही नाही. कागद स्वच्छ दिसतोय ना, मग प्रश्न मिटला.

मी म्हटलं, "सर, त्याला छेद सारखे करता येत नाहीत. दहावीत काय करेल?"

"दहावीचं दहावीत बघू."

"दहावीला मीच आहे."

"मग तर चिंताच नाही!"

मी १ लावला नाही. तक्ता तसाच ठेवून वर्गावर निघून आले, दार आपटून. निकालपत्रक छापून आलं तेव्हा त्यात १४ होते. कुणी लावला तो एक, मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. पण मूळ गुणतक्त्याच्या पानावर विषयशिक्षक म्हणून सही माझी आहे. तक्ता देतानाच केली होती. माझ्या सहीच्या वर माझ्या अक्षरातला ४, आणि त्याच्या डाव्या अंगाला दुसऱ्याच शाईतला १.

आता मला कुणी पटाचं, म्हणजे शाळेतल्या विद्यार्थिसंख्येचं, सांगू नका. पट मलाही कळतो. एक मूल नापास केलं की पालक दाखला काढतात आणि पलीकडच्या शाळेत घालतात, तिथे त्याला हसत हसत घेतात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे सरकार पटावरून शिक्षकांची पदं ठरवतं त्यात, तुकडी जाते, तुकडी गेली की कुणीतरी अतिरिक्त. आमच्याकडे दोन तरुण शिक्षक आहेत, शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढून नुकतेच कायम झालेले. एकाच्या घरी लहान बाळ आहे. मुख्याध्यापकांना रात्री झोप लागत नसेल तर ती याच काळजीनं, आणि त्या काळजीची मला कदर आहे. पण मग तसं म्हणा ना! "मॅडम, पट वाचवायचाय" असं तोंडावर म्हणा. "मुलाच्या मनावर परिणाम होतो" असं म्हणू नका. मुलाचं मन पुढे करून आपली पोटं वाचवायची, याची मला चीड आहे. आणि पूर्वी काय होत होतं, तेही मी विसरलेले नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून याच नववीत पोरं गाळायचे आणि घरच्यांना १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावीला बसवा म्हणून सांगायचे. तेव्हा कुठे गेलं होतं मुलाचं मन? तेव्हाही शाळेचे टक्के, आताही शाळेचे टक्के.

मुलाचे वडील आदल्या दिवशी येऊन गेले होते. टेम्पो चालवतात, अर्ध्या दिवसाचं भाडं सोडून आले होते. "मॅडम, पोरगं लई मनाला लावून घेतंय. काय तरी बघा की." त्यांच्यावर मी नाही चिडले. त्यांना भीती वाटते आणि ती भीती खोटी नाही. निकालानंतर पेपरात ज्या बातम्या येतात त्या मीही वाचते, त्या दिवशी मला जेवण जात नाही. पण त्यावर उपाय म्हणून गुणपत्रकात खोटं लिहायचं? निकालाच्या दिवशी अशा मुलाजवळ बसायला हवं, घरच्यांना बोलावून समोरासमोर सांगायला हवं की याला एक वर्ष जास्त लागेल, आम्ही आहोत. मी बसलेय अशा मुलांजवळ, शाळा सुटल्यानंतर अंधार पडेपर्यंत.

मी स्वतः बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला कॅल्क्युलसमध्ये गेले होते. सरळ नापास. ऑक्टोबरची वारी केली. वडील एसटीत कंडक्टर होते. रात्रपाळीवरून आले, निकाल ऐकला आणि म्हणाले, "आधी जेव." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कुठे अडतंय ते शोध." चार महिने मी एकच पुस्तक पहिल्या पानापासून धरलं. आज वर्गात खडू हातात घेतला की पाय लटपटत नाहीत, ते त्या चार महिन्यांमुळे. त्या वेळी कुणी माझ्या गुणांआधी एक १ लावला असता तर मी आज काय शिकवलं असतं? या पोराचे तेच चार महिने आम्ही त्याच्याकडून काढून घेतले. आणि वर त्याच्याच हातचा पेढा खाल्ला.

नापास हा शब्दच नको, अशी हवा झालीय. २०१६पासून बोर्डाच्या गुणपत्रिकेवर अनुत्तीर्ण नाही, 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा येऊ लागला. मुलं काय वेडी आहेत? शेरा वाचून पहिला प्रश्न काय विचारतात ठाऊक आहे? "म्हणजे नापास ना मॅडम?" मला हो म्हणावंच लागतं. मग हे एवढं मोठं नाव कुणाच्या समाधानासाठी?

२०१९चा जून आठवतोय का? दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' छापून आलं आणि अख्खा महाराष्ट्र पेटला. मराठी बुडाली, गणित बुडालं, काय काय म्हणाले लोक. गणित समितीच्या मंगला नारळीकर शांतपणे कारण सांगत होत्या की जोडाक्षरांचे संख्याशब्द लहान मुलांना अडतात, दोन्ही पद्धती ठेवा. ऐकून कोण घेतंय! मला तेव्हाही राग आला नव्हता आणि आजही नाही. मुलाला समजावं म्हणून वाट सोपी करणं हे शिकवणंच आहे. पण त्याच जूनमध्ये दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला होता. आदल्या वर्षी ८९.४१ होता. कारण सगळ्यांना माहीत होतं: भाषांचे तोंडीचे आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गतचे वीस गुण त्या वर्षी काढले होते. म्हणजे जे काही होतं ते एकदा तरी उघड्यावर आलं होतं. तेव्हा बसून विचार करायला हवा होता की मातृभाषेच्या लेखी पेपरात आपली मुलं का पडतायत. आपण काय केलं? ओरडा केला, अकरावीच्या प्रवेशात बाकीच्या बोर्डांची मुलं पुढे जातील म्हणून. वीस गुण परत आले, पुढच्या वर्षी निकाल ९५.३० टक्के. एका वर्षात अठरा टक्के! पोरं तीच, शाळा त्याच, फळे तेच. आणि चौकाचौकात अभिनंदनाचे फ्लेक्स.

हे आमच्याच शाळेपुरतं असतं तर एक वेळ गप्प बसले असते. 'असर'ची, म्हणजे देशभरातल्या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची, २०२३ची पाहणी काढून बघा. चौदा ते अठरा वयाच्या मुलांत चौथा हिस्सा मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता येत नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून जास्त जणांना जमत नाही. यातली बहुतेक आठवी पार केलेली. सगळी वर ढकललेली.

लगेच कुणीतरी म्हणेल, हे त्या शिक्षण हक्क कायद्यामुळे. कायदा नीट वाचा. आठवीपर्यंत मूल मागे ठेवू नका असं त्यात होतं, पण त्याच कायद्यात रोजच्या रोज, सतत मूल्यमापन करा असंही होतं. कुठे अडलं ते त्याच आठवड्यात बघा, तिथेच शिकवा. हे दुसरं करायला वेळ लागतो, माणसं लागतात. म्हणून आपण पहिलं तेवढं उचललं. आकारिक, म्हणजे वर्षभर करायच्या मूल्यमापनाच्या वह्या मार्चमध्ये एका बैठकीत भरल्या जातात, हे कोणत्या शिक्षकाला माहीत नाही? आणि भरणार कधी? मतदार याद्या करा, पोषण आहाराचा हिशोब ठेवा, या पोर्टलवर माहिती भरा, त्या पोर्टलवर तीच पुन्हा भरा. २०२३-२४पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, नापास झाला तर पुनर्परीक्षा, तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात. मला बरं वाटलं होतं. आमच्याकडे पुनर्परीक्षेला सगळे पास झाले. सगळे! मधल्या काळात शिकवायला एक तास कुणी घेतला नव्हता.

आणि ते प्रकल्प! स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात, दीडशे रुपयांपासून पुढे. आईने रात्री जागून चिकटवलेले असतात, मुलाला आत काय आहे ते सांगता येत नाही, आणि दहापैकी नऊ दिले तर दुसऱ्या दिवशी फोन, "एक का कापला?" एक कापला म्हणून फोन येतो. चार वर्षं मुलाला भागाकार येत नाही म्हणून मला आजवर एकही फोन आलेला नाही.

परवा त्या मुलाने पेढा दिला तेव्हा मी त्याला म्हटलं, "सुट्टीत येशील का घरी? सकाळी आठला, तासभर. अपूर्णांकापासून सुरू करू. फी-बी काही नाही." मागे एकदा त्याला डब्यातल्या भाकरीचे तुकडे करून दाखवले होते. अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा भाकरी. दोन्ही मोजायचे तर सहा सारखे तुकडे करावे लागतात, हे त्याने स्वतः शोधून काढलं होतं. डोळे चमकले होते त्याचे. मग घंटा झाली, पुढचा तास दुसऱ्यांचा, आणि ते तिथेच राहिलं. तेव्हा डोकं नाही असं मला कुणी सांगू नये. डोकं आहे, वेळ दिला गेला नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच कळेना की मी हे का म्हणतेय.

"आता कशाला मॅडम? पास झालो की."

काय उत्तर देणार होते मी? खोटं तर आम्हीच लिहून दिलंय, शाळेच्या शिक्क्यासकट. मी म्हटलं, "तरी ये. सोमवारी." तो हो म्हणाला, पुढच्या मॅडमना पेढा द्यायला पळाला. सोमवार येऊन गेला. भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. मंगळवारीही आला नाही. उद्या मी त्याच्या घरी जाणार आहे, टेम्पो दारात असेल तेव्हा, म्हणजे वडीलही भेटतील. त्यांना ४ सांगणार आहे. मुख्याध्यापकांना काय वाटायचं ते वाटू दे. जूनमध्ये दहावीच्या बीजगणिताचं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणं आहे, आणि त्यातल्या उदाहरणांतही छेद येतात.