नारिंगी जोडी कापा, म्हणे!

गोव्यातल्या सीसीटीव्ही आणि नेटवर्कवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या मशीनच्या केबलमधली नारिंगी तारांची जोडी कापा, मशीन फक्त ऐकेल, बोलणार नाही. कुठल्याही स्विचवर (नेटवर्कच्या केबली जोडायच्या डब्यावर) चालतं, सगळी रहदारी दिसते, खर्च शून्य.

हेतू चोख आहे. देखरेखीच्या मशीनमधून एक पॅकेटही बाहेर जाऊ नये, ही अपेक्षा रास्तच. उपाय मात्र हबच्या, म्हणजे स्विचच्या आधीच्या साध्या जोडडब्याच्या, जमान्यातला आहे.

टी५६८बी या केबलीतल्या तारांच्या ठरलेल्या रंगक्रमात नारिंगी जोडी १ आणि २ नंबरच्या पिनेवर येते. १० आणि १०० एमबीपीएसवर संगणक तिथून पाठवतो आणि ३ व ६ वर, म्हणजे हिरव्या जोडीवर, घेतो. तेवढ्यापुरतं संदेशाचं म्हणणं खरं. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) मात्र चारही जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडीवर एकाच वेळी दोन्हीकडून सिग्नल धावतो. आपला सिग्नल वजा करून समोरचा ओळखायचं काम चिप करते. पाठवायची अशी वेगळी तारच तिथे नाही. कापणार काय?

‘कुठल्याही स्विचवर चालतं’ हे तर साफ चूक. समोरून सिग्नल आल्याशिवाय स्विच पोर्ट चालू करत नाही. वेर्ण्यातल्या एका कारखान्यात हा प्रयोग करून ठेवलेला पाहिला. दोन्हीकडे ऑटो-निगोशिएशन (वेग आपसात ठरवणं) बंद, वेग १०० वर बांधलेला. लॅपटॉपचा हिरवा दिवा झकास लागलेला, कारण स्विचची चिप रिकामा सिग्नल पाठवतच होती. रॅकमध्ये वाकून बघितलं, तर स्विचवर त्या पोर्टचा दिवा विझलेला. पॅकेटं दाखवणारं वायरशार्क उघडं, पॅकेट एकही नाही. तिथला पोरगा म्हणतो, “सर, नेटवर्क शांत आहे.” शांत कसलं! स्विचच्या लेखी त्या पोर्टला कुणी जोडलेलंच नव्हतं.

बरं, लिंक आली असं धरून चालू. तरी सगळी रहदारी दिसत नाही. हब आलेलं पॅकेट सगळ्या पोर्टांवर ओतायचा. स्विच नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता बघून ज्याचं त्याला देतो. तुमच्या वाट्याला ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीची पॅकेटं) आणि थोडं किडूकमिडूक. प्रॉमिस्क्युअस मोड (दुसऱ्याचं पॅकेटही घ्यायची कार्डाची सोय) लावूनही उपयोग नाही. जे पोर्टावर आलंच नाही, ते कार्ड कुठून पकडणार?

‘नाहीतर आयपी देऊ नका, मशीन गप्प बसेल’ अशी पुरवणीही कुणीतरी जोडली आहे. तीही अर्धवट. आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) चालू असेल तर इंटरफेस स्वतःच पत्ता बनवतो आणि राउटरला हाका मारू लागतो. ते वेगळं बंद करावं लागतं.

बहुतेक ऑफिसांना आणि हॉटेलांना मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचचं पोर्ट मिररिंग, म्हणजे एका पोर्टावरच्या रहदारीची नक्कल दुसऱ्यावर पाठवणं, पुरतं. मिरर पोर्टावरून आत येणारं स्विच अडवतो की नाही, तेवढं त्याच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि गिगाबिटच्या दोन्ही दिशा मिळून २ गिगाबिट होऊ शकतात, मिरर पोर्ट १ चाच. न मावलेलं स्विच गुपचूप टाकून देतो. एकही पॅकेट सुटून चालणार नसेल तर टॅप, म्हणजे लाइनीत बसवून रहदारीची नक्कल काढणारा डबा, घ्या. तांब्याच्या गिगाबिट लाइनवर त्याला वीज लागते. वीज गेली की चांगल्या टॅपमधला रिले लाइन सरळ जोडून देतो, पण लिंक क्षणभर तुटतेच. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते सांगायला नको. टॅप यूपीएसवर ठेवा.

अस्सल एकतर्फी ऐकणं फायबरवर होतं. दोन धागे, एक जायचा, एक यायचा. मध्ये प्रकाश वाटणारा स्प्लिटर बसवायचा आणि दोन्ही दिशा हव्या असतील तर ऐकायला दोन पोर्ट ठेवायचे. ऐकणाऱ्या मॉड्यूलच्या पाठवणाऱ्या तोंडाला काहीच जोडायचं नाही. ५०:५० स्प्लिटर निम्मा प्रकाश खातो, म्हणजे सुमारे ३ डीबी, तेव्हा लाइनीत तेवढी सवड आहे का हे आधी मोजा. गिगाबिट फायबरवर ऐकणाऱ्या कार्डाचं ऑटो-निगोशिएशन बंद करायला विसरू नका. समोरून उत्तर येणार नसल्याने एरवी लिंक वर येतच नाही.