मातृभाषा ‘सोडली’ म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी आमच्याकडे जेवायला आलेल्या एका परिचितांनी माझ्या टेबलावरचे, मूळचे इराणी पण डचमध्ये लिहिणारे लेखक कादेर अब्दोला यांचे पुस्तक उचलले, चाळले आणि म्हणाले, “मातृभाषा सोडून परक्यांच्या भाषेत लिहिणारा लेखक कसला?” पानावर बसलेल्या माणसाला उलट उत्तर देऊ नये, म्हणून मी गप्प राहिले, पण ते गेल्यापासून डोके शांत होत नाही.

सोडली म्हणजे काय? १९५४ साली इराणमधल्या अराक गावी जन्मलेला हा माणूस आधी शहाच्या आणि मग खोमेनींच्या राजवटीविरुद्ध भूमिगत राहून लढला, १९८५ मध्ये जीव वाचवून तुर्कस्तानात पळाला आणि १९८८ मध्ये निर्वासित म्हणून नेदरलँड्सला पोहोचला. त्याचे खरे नावही पुस्तकांवर नाही. कादेर आणि अब्दोला ही मारल्या गेलेल्या दोन साथीदारांची नावे त्याने लेखक म्हणून स्वतःला लावून घेतली आहेत. ज्याची प्रत्येक मुखपृष्ठावर अशी आठवण छापली जाते, त्याला ‘सोडले’ हा शब्द लावताना जीभ अडखळायला हवी होती.

झ्वोले गावात तो डच शिकला ते ‘यिप आणि यानेके’ या लहान मुलांच्या गोष्टींवर. तिशी उलटलेला, फारसीत लिहिणारा लेखक बालवाडीतल्या वाक्यांपाशी पुन्हा येऊन बसतो, म्हणजे काय होत असेल, हे मला ठाऊक आहे. मीही इथे नेदरलँड्सला आल्यावर डचच्या वर्गात सहाव्या आठवड्यात आमच्या बाईंनी वडिलांवर पाच वाक्ये लिहायला सांगितली. अण्णांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, पण भूतकाळ अजून शिकवलेला नव्हता. मी लिहिले, ‘माझे वडील खिडकीजवळ बसतात. ते पत्रे लिहितात.’ बाईंनी बरोबरची खूण केली आणि हसून विचारले, “ते तुला भेटायला कधी येणार?” मी म्हणाले, “उन्हाळ्यात.” दुसरे उत्तर देण्याइतके शब्दच माझ्याजवळ नव्हते.

अब्दोलांचा पहिला कथासंग्रह १९९३ मध्ये आला, म्हणजे या देशात पाऊल ठेवल्यावर अवघ्या पाच वर्षांत, आणि तोही डचमध्ये. पुढे ‘मिर्झा’ या नावाने ‘फोक्सक्रांट’ या डच दैनिकात त्यांचे सदर चालले. त्यांच्या २००५ च्या ‘मशिदीचे घर’ या कादंबरीला २००७ मध्ये वाचकांनी डच भाषेतल्या सर्वोत्कृष्ट पुस्तकांत दुसरे स्थान दिले. २०११ च्या इथल्या ग्रंथसप्ताहात पुस्तक विकत घेणाऱ्यांना भेट म्हणून द्यायचे छोटे पुस्तक लिहिण्याचा मानही त्यांना मिळाला. परका म्हणून कौतुक एखाद्या वेळी होते. इतकी वर्षे कोणी कोणाला दयेपोटी वाचत नाही.

परभाषेत काही निसटते, हे मान्य. त्यांची वाक्ये आखूड असतात, हेही खरे. आणि कुराणाच्या भाषांतरात त्यांनी सुरांचा, म्हणजे अध्यायांचा, क्रम बदलला, ते मलाही पटलेले नाही. बस, याहून जास्त मी मानणार नाही.

कारण टेबलावरचे पुस्तक होते ‘स्पायकरस्क्रिफ्ट’, म्हणजे कीलाकार लिपी. गालिचे दुरुस्त करणारा एक मूकबधिर बाप गुहेतल्या प्राचीन लेखासारख्या खुणांनी वही भरून ठेवतो, आणि समुद्र हटवून मिळवलेल्या डच जमिनीवर बसून त्याचा मुलगा ती उलगडू पाहतो. अब्दोलांचे स्वतःचे वडीलही मूकबधिर होते. त्या बापाची भाषा फारसी नव्हती आणि डचही नव्हती, हातवाऱ्यांची होती. मग मुलाने नेमकी कोणती मातृभाषा सोडली? हे पुस्तक वाचताना मला दर वेळी तो डचचा वर्ग आठवतो, बाईंचा हसरा चेहरा आठवतो आणि उन्हाळ्यात येणारे अण्णा आठवतात.

लिहिता लिहिता राग बराच उतरला आहे. आमचे परिचित वाईट नाहीत. मुले घरी मराठी बोलेनाशी झाली आहेत, ते दुःख त्यांच्या तोंडून असे बाहेर पडले असावे. आत्ताच जुन्या पेटीतून माझी डचच्या वर्गातली ती वही काढली. भूतकाळ केव्हाच शिकून झाला आहे, तरी ‘लिहितात’ खोडावेसे वाटले नाही. पुढच्या रविवारी ते पुन्हा येणार आहेत. आधी त्यांना ही वही दाखवीन आणि मग पुस्तक हातात देईन.